दाविदाला कुणी चिथावले?

इस्राएलचा राजा दावीद याने एकदा आपल्या राज्याची शिरगणती करायचे ठरवले. सेनापती यवाबाला ते पटले नाही. पण राजाज्ञेपुढे त्याचे काही चालेना. नऊ महिने वीस दिवस तो देशभर फिरून तलवार धरणारे पुरुष मोजत राहिला. मोजणी संपली आणि दाविदाचे मन त्याला खाऊ लागले. प्रजा ही देवाची ठेव आहे, ती आपल्या मालकीच्या फौजेसारखी मोजून पाहिली, हे पाप झाले असे त्याला वाटले. संदेष्टा गाद याने येऊन त्याच्यापुढे तीन शिक्षा ठेवल्या: दुष्काळ, शत्रूपुढे पळ, किंवा तीन दिवसांची मरी. देशात मरी आली आणि सत्तर हजार माणसे मेली. मोजणी करा असे त्यांच्यापैकी कुणीच सांगितले नव्हते.

बायबलच्या जुन्या करारात ही गोष्ट दोनदा येते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाला या मोजणीसाठी चिथावणारा परमेश्वर आहे. तो इस्राएलवर रागावला होता. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तीच मोजणी, तोच यवाब आणि तीच मरी आहे, पण चिथावणारा सैतान आहे. इतिहासाचे पुस्तक नंतरचे, बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळातले. मधल्या शतकांत कुणाला तरी पहिले वाक्य सहन झाले नसावे, असे अनेक अभ्यासक मानतात. राजाला पाप करायला लावून त्याबद्दल प्रजेला मारणारा देव त्या लेखकाला आपला देव वाटला नाही. आणि तरी पहिले वाक्य कुणी खोडले नाही. दोन्ही पुस्तके एकाच ग्रंथात राहिली आणि दोन्ही देवाचे वचन म्हणून वाचली गेली.

असे प्रसंग आणखीही आहेत. मिसरच्या फारोचे हृदय कठीण झाले म्हणून त्याने इस्राएलांना सोडले नाही. ते कुणी कठीण केले? निर्गमाच्या काही ओळी सांगतात की फारोने स्वतः, आणि काही ओळी सांगतात की परमेश्वराने. आमोस संदेष्टा नगरावर कोसळणाऱ्या आपत्तीमागे देवाचाच हात पाहतो. याकोबाचे पत्र मात्र बजावते की देव कुणालाही मोहात पाडत नाही. भावांनी गुलाम म्हणून विकलेला योसेफ पुढे त्यांनाच सांगतो की तुम्ही माझे वाईट योजले, देवाने त्यातून भले योजले. म्हणजे एकाच कृतीमागे दोन हेतू, आणि दोन्ही खरे. या सगळ्याची संगती लावून देणारा अध्याय बायबलमध्ये कुठेच नाही. ते काम पुढच्यांवर येऊन पडले. पश्चिमेच्या ख्रिस्ती जगात ते सर्वांत जास्त ज्याने केले आणि सर्वांत जास्त गुंतवूनही ठेवले, तो उत्तर आफ्रिकेतला एक माणूस होता.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ साली थागास्ते गावी झाला. आज ते अल्जीरियातले सूक अह्रास. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती होती, वडील जुन्या रोमन देवांचे. कार्थेजला शिकत असताना या हुशार मुलाला एका प्रश्नाने पछाडले: देव चांगला आहे आणि सगळे त्यानेच केले, तर वाईट आले कुठून? आईच्या धर्मात त्याला उत्तर सापडले नाही. ते त्याला मानीच्या अनुयायांकडे सापडले.

मानी तिसऱ्या शतकात मेसोपोटेमियात जन्मला आणि पुढे पर्शियाच्या राजाच्या कैदेत मेला. त्याची शिकवण पाहताना तिचे आकर्षण समजून घ्यायला हवे. आरंभापासून दोन सत्ता आहेत, एक प्रकाशाची आणि एक अंधाराची. अंधाराने हल्ला केला, प्रकाशाचे कण जडात अडकले आणि हे जग झाले. चांगल्या देवाने वाईट केलेच नाही. वाईट त्याच्याइतकेच जुने आहे. देव आरोपातून पूर्ण सुटतो. पण माणूसही सुटतो. माझ्यातला प्रकाश निर्दोष आहे, पाप करते ते माझ्यातले दुसरेच काही. हे आपल्याला फार सोयीचे वाटत होते, अशी कबुली ऑगस्टीनने पुढे दिली. मानीच्या पंथात तो सुमारे नऊ वर्षे ‘श्रोता’ म्हणून राहिला.

या सोयीवर त्याने उगारलेले शस्त्र अगदी लहान होते. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर रात्री एका शेजाऱ्याच्या झाडाचे नासपती चोरले होते. फळे दिसायला सुंदर नव्हती, चवीलाही नव्हती. भूक नव्हती, आणि घरी याहून चांगली फळे होती. पोरांनी बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात त्याने या चोरीला पानेच्या पाने दिली आहेत, आणि इतक्या क्षुल्लक गोष्टीचा एवढा पसारा का, असे वाचकांना वाटत आले आहे. मला तो त्या पुस्तकातला सर्वांत भेदक भाग वाटतो. खून असता तर सूड, लोभ, भीती असे काही ना काही कारण पुढे आले असते आणि कारणामागे माणूस लपला असता. नासपतीच्या चोरीत लपायला जागा नाही. चुकीचे आहे म्हणूनच ते गोड लागले. तिथे अंधाराचे राज्य नव्हते, एक मुलगा होता आणि त्याची इच्छा होती.

पुढे ३८४ साली तो मिलानला वक्तृत्वाचा अध्यापक झाला. तिथे त्याने बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकली आणि प्लेटोच्या परंपरेतली पुस्तके वाचली. त्यांतून त्याला सापडलेला विचार पुढे हजार वर्षे ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा पाया झाला. वाईट ही वस्तूच नाही. जे जे आहे ते देवाने केले आणि असण्याच्या मर्यादेत ते चांगले आहे. वाईट म्हणजे असायला हवे त्याचे नसणे. रोग बरा होतो तेव्हा तो शरीरातून निघून दुसरीकडे राहायला जात नाही, तो नाहीसा होतो, कारण तो आरोग्याचा बिघाडच होता. मग वाईट कुणी निर्माण केले, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. विचारायचे ते एवढेच की बिघाड कसा झाला.

३८७ साली बाप्तिस्मा घेतल्यावर तो रोमला थांबला होता. तिथे आपल्याच गावच्या एव्होडियस या मित्राशी त्याने या प्रश्नावर संवाद सुरू केला, आणि त्यातून स्वतंत्र इच्छेवरचा त्याचा ग्रंथ झाला. एव्होडियसचा पहिलाच प्रश्न आहे की वाईटाचा कर्ता देव तर नाही ना. ऑगस्टीन आधी वाईटाचे दोन भाग करतो. एक माणूस करतो ते आणि दुसरे माणूस भोगतो ते. करतो ते देवाचे नाही. त्यामागे माणसाची इच्छा आहे, आणि त्या इच्छेला कुणी ढकललेले नसते. भोगतो ते मात्र देवाकडून येते, न्याय्य शिक्षा म्हणून. आणि माणूस काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असले, तरी त्या ठाऊक असण्याने काही घडत नाही. आपल्याला काल आठवतो म्हणून काल घडलेला नसतो.

पहिल्या भागाचे उत्तर मला आजही भक्कम वाटते. माणसाने माणसाला केलेल्या क्रौर्याचा दोष देवावर, दैवावर किंवा परिस्थितीवर ढकलून मोकळे होता येत नाही, हे त्याने स्वतःच्या चोरीपासून सुरुवात करून सांगितले. दुसरा भाग ठिसूळ होता. जे भोगतो ते शिक्षा असेल, तर तान्हे मूल काय म्हणून भोगते? हा प्रश्न त्याला त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात भेटला. तेव्हा त्याचा सूर नम्र होता. लेकरांच्या दुःखातून देव कदाचित मोठ्यांना वळणावर आणत असेल, आणि त्या लेकरांसाठी त्याने कोणती भरपाई राखून ठेवली आहे हे कुणाला ठाऊक, असे त्याने लिहिले. बक्षीस आणि शिक्षा यांच्या मधली एखादी अवस्था असू शकेल, असेही त्याने सुचवले. हा ग्रंथ ३९५ च्या सुमारास पुरा झाला, आणि त्याच सुमारास तो हिप्पोचा बिशप झाला.

मग वर्ष-दीड वर्षातच काहीतरी बदलले. मिलानच्या सिम्प्लिशियनने त्याला पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातल्या एका जागेविषयी विचारले. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडे. ती जन्मलीही नव्हती, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, तरी देवाने एकाला निवडले. का? ऑगस्टीनने एकेक पर्याय तपासला. याकोब पुढे चांगले वागणार हे देवाला दिसले म्हणून? निदान त्याला विश्वास ठेवावासा वाटेल हे दिसले म्हणून? शेवटी हेही दार त्याने बंद केले. विश्वास ठेवावासा वाटणे हीसुद्धा देवाची देणगी आहे. म्हातारपणी या पानांकडे पाहताना त्याने लिहून ठेवले आहे की आपण माणसाच्या स्वतंत्र निवडीच्या बाजूने झगडलो होतो, पण देवाची कृपा जिंकली.

या वळणाला रोममध्ये एक विरोधक मिळाला. पेलॅगियस मूळचा ब्रिटनचा, व्रतस्थ राहणारा, चारित्र्याने निर्मळ. देवा, तू जी आज्ञा देशील ती पाळण्याचे बळही तूच दे, अशा अर्थाची ‘कन्फेशन्स’मधली प्रार्थना कुणी त्याच्यासमोर म्हटली तेव्हा तो संतापला, असे ऑगस्टीनच सांगतो. माणसाने प्रयत्नच करायचा नसेल तर आज्ञा दिली कशाला? एका श्रीमंत घराण्यातल्या डेमेट्रियास नावाच्या तरुणीने व्रत घेतले, तेव्हा पेलॅगियसने तिला लांबलचक पत्र लिहिले. ते बळ देणारे पत्र आहे: देवाने तुला चांगले निवडण्याची शक्ती देऊनच घडवले आहे, अशक्य ते तो मागणार नाही. पेलॅगियसला पाखंडी म्हणून दीड हजार वर्षे हिणवले गेले, पण त्याची चीड प्रामाणिक होती. नावापुरत्या ख्रिस्ती झालेल्या साम्राज्यात ‘मी दुबळा आहे’ हे वाक्य आळसाचे पांघरूण झाले आहे, हे त्याला दिसत होते. ऑगस्टीनला मात्र आतून ठाऊक होते की हवे ते करता येण्याआधी माणसाला हवे ते हवेसे वाटावे लागते, आणि ते त्याच्या हातात नसते. व्यसनाशी झुंजलेल्या माणसाला दोघेही खरे वाटतील. ४१८ साली कार्थेजची धर्मसभा आणि रोमचा पोप झोसिमस या दोघांनी पेलॅगियसच्या मताचा निषेध केला.

त्या निषेधावर सही करायला नकार देणाऱ्या बिशपांमध्ये इटलीतल्या एक्लानमचा ज्युलियन होता. वयाने ऑगस्टीनहून पुष्कळ लहान, तर्कात तितकाच तिखट. त्याने थेट लेकरांवर बोट ठेवले. आदामाचे पाप प्रत्येक मुलाला जन्माबरोबर मिळते आणि त्यासाठी बाप्तिस्म्याविना मेलेले तान्हे मूलही दंडास पात्र ठरते, असे आता ऑगस्टीन शिकवत होता. दंड सर्वांत सौम्य असेल, एवढीच सूट. ज्युलियनचे म्हणणे असे: ज्याने इच्छाच केली नाही त्याला पापी ठरवणारा देव न्यायी कसा? हा देव नवजात जिवांचा छळ करतो. तू मानीला सोडलेसच नाहीस. फक्त अंधाराच्या जागी रक्तामांसातून वाहणारे पाप आणलेस.

या आरोपाने म्हातारा ऑगस्टीन घायाळ झाला असावा. तो शेवटपर्यंत ज्युलियनला ओळीओळीने उत्तर देत राहिला. त्याचा युक्तिवाद असा की लहान मुले यातना भोगतात हे तर सगळ्यांना दिसते. देव न्यायी आहे आणि मूल निर्दोष आहे, तर मग या यातना का? म्हणजे मूल निर्दोष नाही. तरुणपणी कुणाला ठाऊक म्हणून उघडे ठेवलेले दार त्याने स्वतःच्या हाताने लावून घेतले. माझ्या मते इथे ज्युलियन बरोबर होता. देवाचा न्याय वाचवण्यासाठी बाळाला आरोपी करावे लागत असेल, तर तो न्याय वाचलेला नसतो. ऑगस्टीनचे हे उत्तर अपुरेच राहिले. ज्युलियनच्या आठ पुस्तकांपैकी सहांना उत्तर देऊन झाले होते, आणि २८ ऑगस्ट ४३० रोजी, व्हँडलांच्या वेढ्यात असलेल्या हिप्पोत तो मेला. ज्युलियनची ती वाक्ये आज आपल्याला वाचता येतात, ती ऑगस्टीनने खंडनासाठी उतरवून घेतली म्हणून.

मराठी वाचकाच्या मनात इथे पूर्वजन्म आल्याशिवाय राहत नाही. मागच्या जन्मीचे कर्म मानले की तान्ह्या मुलाच्या दुःखाला निदान एक हिशेब मिळतो. ख्रिस्ती विचारातही या वाटेने एक जण गेला होता. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिगेन म्हणाला की जीव देहात येण्याआधीपासून आहेत आणि जन्मतः दिसणारी विषमता त्यांच्या आधीच्या निवडीतून आली आहे. याकोब-एसावाचा उलगडा त्याने असाच केला. सहाव्या शतकात हे मत त्याज्य ठरले. जीव एकदाच जन्मतो हे ठरल्यावर ख्रिस्ती धर्मापुढे आदामाखेरीज मागे बोट दाखवायला कुणी उरले नाही. गोव्यात १६१६ साली छापून निघालेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओव्यांतून आदामाच्या पतनाची कथा आली. या दोन हिशेबांची गाठ आपल्या भाषेत तेव्हा पडली.

धर्मसुधारणेच्या काळात हे भांडण पुन्हा पेटले. रॉटरडॅमच्या इरॅस्मसने १५२४ साली स्वतंत्र इच्छेच्या बाजूने संयमी पुस्तक लिहिले. मार्टिन ल्यूथरने पुढच्याच वर्षी इच्छेच्या बंदिवासावर त्याला प्रचंड उत्तर दिले. इतरांनी आपल्याशी किरकोळ गोष्टींवर वाद घातला, तू मात्र गळ्यालाच हात घातलास, असे म्हणून त्याने इरॅस्मसचे आभारही मानले. जिनिव्हात जॉन कॅल्व्हिन आणखी पुढे गेला: कोण तरणार हे देवाने अनादिकाळी ठरवले, आणि कोण नाशास जाणार हेही. १५५१ साली जेरोम बोल्सेक हा वैद्य तिथल्या भर सभेत उठला आणि म्हणाला की अशाने देवच पापाचा कर्ता ठरतो. त्याला अटक झाली आणि वर्ष संपायच्या आत शहरातून हद्दपारी. नेदरलँड्समध्ये अर्मिनियसच्या अनुयायांनी हाच आक्षेप मांडला. १६१८-१९ सालच्या डॉर्टच्या धर्मसभेने त्यांना दोषी ठरवले, आणि सभा संपता संपता त्यांचा पाठीराखा, ७१ वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट, राजद्रोहाच्या आरोपाखाली शिरच्छेदाला गेला. त्यामागे राजकारण होते, पण धर्मवादाने हात धुऊन घेतले. तरी त्याच डॉर्टच्या ठरावात एक ओळ आहे: श्रद्धावान आईबापांनी बालपणी वारलेल्या आपल्या मुलांच्या निवडीविषयी शंका धरू नये. इतक्या कठोर माणसांनाही तिथे थांबावे लागले.

इच्छास्वातंत्र्याचे उत्तर जिथे पोचतच नाही अशीही एक जागा आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बनची चर्चे सकाळच्या उपासनेला भरलेली असताना जमीन हादरली, मग समुद्र चढून आला, मग शहर दिवसचे दिवस जळत राहिले. हजारो माणसे मेली. जमिनीला इच्छा नसते, म्हणून हा दोष माणसाच्या निवडीवर टाकता येत नाही. येशूसंघीय धर्मगुरू मालाग्रिडा याने पुस्तिका छापून सांगितले की भूकंप हा लिस्बनच्या पापांचाच दंड आहे. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे, आणि ते इतरांपेक्षा अधिक पापी होते ही समजूत येशू तिथे स्पष्ट नाकारतो. मालाग्रिडाला ते आठवले नसेल असे नाही. पण संकटाला अर्थ देण्याची घाई माणसाला आपल्याच ग्रंथापुढे बहिरे करते.

विसाव्या शतकात तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी याने १९५५ साली विचारले की स्वतःहून नेहमी चांगलेच निवडणारी माणसे सर्वशक्तिमान देवाने का घडवली नाहीत. अल्विन प्लँटिंगाचे १९७४ सालचे उत्तर असे की स्वतंत्र माणूस काय निवडेल हे त्या माणसावर असते. ते देवाने ठरवले तर ती निवडच राहत नाही. देव असणे आणि वाईट असणे यांत तर्काचा विरोध नाही, एवढे त्याने दाखवले, आणि त्याचा दावाही एवढाच होता. रुग्णालयाच्या खाटेपाशी त्याचा उपयोग नाही. तिथे चर्चने आपली जुनी वाक्ये कशी सांभाळली किंवा सोडली, हे पाहणे मला अधिक बोलके वाटते.

ऑगस्टीनच्या शब्दाचे ओझे लेकरांच्या आईबापांनी वाहिले. मध्ययुगातल्या पंडितांना त्याचे मत जड गेले म्हणून त्यांनी ‘लिंबो’ कल्पिला. तिथे बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांना यातना नाही, पण देवाचे दर्शनही नाही. कॅथलिक प्रथेप्रमाणे अशा बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नसे. आयर्लंडमध्ये त्यांच्यासाठी गावाबाहेर, शेतांच्या कडेला वेगळ्या जागा असत, आणि विसाव्या शतकातही त्या वापरात होत्या. १९६९ सालच्या नव्या अंत्यविधी-पुस्तकात बाप्तिस्म्याआधी वारलेल्या मुलांसाठी प्रथमच स्वतंत्र प्रार्थना आल्या. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने नैतिक वाईटाचे कारण देव थेटही नाही आणि आडवाटेनेही नाही असे नोंदवले, आणि या बाळांना देवाच्या दयेवर सोपवले. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने या एकाच विषयावर मोठा दस्तऐवज प्रसिद्ध केला. लिंबो हे श्रद्धेचे बंधनकारक तत्त्व कधीच नव्हते असे त्यात म्हटले आहे. ही बाळे तरली असतील अशी आशा धरायला भक्कम आधार आहेत, मात्र ती आशा आहे, खात्रीचे ज्ञान नव्हे, असेही त्यात आहे. पेलॅगियसशी आणि ज्युलियनशी भांडण्याआधी, एव्होडियसबरोबरच्या त्या संवादात ऑगस्टीन जवळपास याच मुक्कामी आलेला होता.